वाचकांचे प्रश्न : सिनिअर ओरडतो आणि सही मागतो

या वेळच्या पत्रांमधली तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली, तिन्ही वकिलांची आणि तिन्ही मुंबईतली, म्हणून या अंकात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून ही तीनच घेतलीयत. कोर्ट, मॅटर, माणसं ओळखू येतील असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी डोंबिवलीला राहते, सनद (वकिलीचा परवाना) मिळून दोन वर्षं झाली आणि फोर्टमध्ये एका सिव्हिलवाल्या सिनिअरच्या चेंबरला आहे. महिन्याला १२ हजार मिळतात, ते कधी १० तारखेला तर कधी २५ला. काम शिकायला मिळतं हे खरं आहे, पण सर क्लायंटसमोर फाईल फेकतात, "तुला सनद कोणी दिली" असं बोलतात, एकदा कोर्टाच्या पॅसेजमध्ये इतकं ओरडले की दुसऱ्या चेंबरची मुलं मला पाणी देऊन गेली. ते मी सहन करत होते, पण आता वेगळंच सुरू झालंय. गिरगावातल्या एका चाळीच्या रिडेव्हलपमेंटचं मॅटर आहे, त्यात भाडेकरूंची अ‍ॅफिडेव्हिट येतात आणि ‘आयडेंटिफाईड बाय मी’च्या खाली माझी सही घेतात. माणूस समोर नसतोच. पहिल्यांदा विचारलं तर म्हणाले क्लार्कनी बघितलंय, तू सही कर. तशा काही सह्या मी केल्यात. आता एका आजींचं अ‍ॅफिडेव्हिट आलंय आणि मला त्यांच्या शेजाऱ्यांकडूनच कळलं की त्या गणपतीपासून चिपळूणला मुलीकडे आहेत, मुंबईत आलेल्याच नाहीत. मी उद्या करते म्हणून टाळलंय. सर म्हणतात, सोमवारपर्यंत सही नाही झाली तर मुंबईतल्या एकाही कोर्टात उभं राहू देणार नाही आणि बार कौन्सिलला कंप्लेंट करीन. आई म्हणते सगळे असेच शिकलेत, थोडं सहन कर. मी काय करू?
– डोंबिवलीची एक ज्युनिअर

उत्तर : सोमवारी सही करायची नाही. बाकी सगळं आपण सावकाश बोलू, पण एवढं आधी पक्कं कर.

आता का ते सांगते. अ‍ॅफिडेव्हिट करणाऱ्या माणसाला नोटरी ओळखत नसतो, कोर्टाचा अधिकारीही ओळखत नसतो, म्हणून वकील सांगतो की मी यांना ओळखते, याच त्या. कोर्ट त्या एका ओळीवर विसंबून पुढे जातं. तू तिथे सही केलीस की त्या कागदात जे लिहिलंय त्याची नाही, पण ‘ही बाई आली होती’ याची साक्षीदार तू झालीस. आणि आजी आलेल्याच नसतील तर त्या कागदावर आजींच्या नावानं सही कोणी केली हा पुढचा प्रश्न आहे, तो आज ना उद्या कोणीतरी विचारणारच, कारण रिडेव्हलपमेंटच्या मॅटरमध्ये भाडेकरूंची भांडणं होतातच आणि एखाद्या दिवशी आजींची मुलगी कोर्टात येऊन सांगेल की आई तेव्हा माझ्याकडे होती. तेव्हा नोटरीचं रजिस्टर मागवलं जातं, सही जुळवून बघितली जाते, आणि ओळख कोणी पटवली तर तुझं नाव. सरांचं नाही. सरांची सही त्या ओळीखाली नाहीये, आणि ती का नाहीये याचा तू एकदा शांतपणे विचार कर.

कोर्टाच्या कामात खोटा पुरावा देणं किंवा तयार करणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ मध्ये ७ वर्षांपर्यंत शिक्षा आणि १० हजारांपर्यंत दंड आहे, जुन्या आयपीसीत हेच १९३ होतं. बनावट कागदाची कलमं वेगळी लागतात. आणि यासाठी कोणी बाहेरच्यानं कंप्लेंट करायलाच हवी असं नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७९ खाली, म्हणजे आपल्या जुन्या सीआरपीसीच्या ३४० खाली, कोर्ट स्वतःहून चौकशी लावू शकतं. तिथे "सिनिअरनी सांगितलं म्हणून केली" हे उत्तर चालत नाही. सनद बार कौन्सिलनी तुला दिलीय, चेंबरला नाही.

पत्र दोनदा वाचल्यावर मला जे दिसलं ते तुला कदाचित आतून दिसत नसेल. तू लिहितेस की ओरडणं सहन करत होते आणि आता ‘वेगळंच’ सुरू झालंय. मला ते वेगळं वाटत नाही. दोन वर्षं क्लायंटसमोर तुला इतकं खाली दाखवलं की आता तुला प्रश्न विचारायचीच भीती वाटते, आणि प्रश्न न विचारणारा माणूसच अशा सहीसाठी लागतो. मुद्दाम ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही, पण मी ज्या ज्या चेंबरमध्ये असल्या सह्या होताना ऐकल्यात त्या प्रत्येक ठिकाणी आधी ओरडा होता. जिथे ज्युनिअर "सर, हे मला पटत नाही" असं सहज बोलू शकतो तिथे असला कागद टेबलावर येतच नाही. म्हणून ‘स्वभाव तापट आहे पण माणूस चांगला आहे’ ही जी समजूत आपल्याकडे घालतात ना, ती मला मान्य नाही.

आईचं म्हणणं मी समजू शकते, त्यांना तुझी सनद आणि तुझं शिक्षण दिसतंय. त्यांना एवढंच सांग की ड्राफ्ट लाल पेननं रंगवून परत देणं, रात्री नऊला पुन्हा लिहायला लावणं, "सायटेशन चेक न करता कोर्टात उभी कशी राहिलीस" असं विचारणं ही कडक शिकवण झाली, ती आम्ही पण घेतलीय आणि तिचा उपयोग होतो. फाईल अंगावर फेकून काय शिकायला मिळतं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही, इंटरनॅशनल बार असोसिएशननी २०१९ मध्ये १३५ देशांतल्या जवळजवळ ७ हजार वकिलांना विचारून जो रिपोर्ट काढला त्यात दर दोन बायकांमधली एक आणि दर तीन पुरुषांमधला एक म्हणाला की कामाच्या ठिकाणी आपल्याला असा त्रास झालाय, आणि निम्म्याहून जास्त प्रकरणांत कुठेच तक्रार झालेली नव्हती.

सोमवारी काय बोलायचं ते आत्ताच ठरवून ठेव, कारण समोर उभं राहिल्यावर सुचत नाही. लांब काही नको. "सर, आजींना मी पाहिलेलं नाही, मी ओळख नाही पटवू शकत. त्या चिपळूणला असतील तर तिथल्या नोटरीसमोर अ‍ॅफिडेव्हिट करून मागवू या, मी फोन करून सगळं अ‍ॅरेंज करते." एवढंच. यात सरांवर आरोप नाही, काम अडवणं नाही, उलट तू रस्ता देतेयस, आणि तो रस्ता खरंच सोपा आहे, आजींची तयारी असेल तर कुरिअरनी आठवड्यात काम होतं. हा रस्ता ते नाकारत असतील तर मग आजींची तयारीच नाही असं समजायला जागा आहे, आणि तुला हवं ते उत्तर मिळालं. बोलून झालं की त्याच दिवशी तेच वाक्य मेसेजवर किंवा मेलवर पाठव, साध्या भाषेत, "सकाळी बोलल्याप्रमाणे". ते ओरडतील. ओरडू देत, तू उत्तर देऊ नकोस, ते वाक्य परत म्हण आणि जागेवर जाऊन बस.

आधी केलेल्या सह्यांचं तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस पण मला त्याचीच जास्त काळजी आहे. आठवतात तेवढ्या लिहून काढ, कुठलं मॅटर, साधारण कधी, कोण समोर होतं, कोणी सांगितलं. मग तुझ्या चेंबरशी संबंध नसलेल्या एखाद्या क्रिमिनल बाजूच्या अनुभवी वकिलाला भेट आणि त्यांच्यासमोर ही यादी ठेव. क्लायंट म्हणून भेट, फी देऊन, म्हणजे तू जे सांगशील ते त्यांच्याकडेच राहील. जे कागद कोर्टात दाखल झालेत त्यांचं काय करायचं हे त्यांच्याशी बोलूनच ठरव. चेंबरमधला एकही कागद फाडू नकोस, बदलू नकोस, आणि क्लायंटच्या फाईलचे फोटो काढून मैत्रिणींना किंवा ग्रुपवर तर अजिबात टाकू नकोस. क्लायंट वकिलाला जे सांगतो ते गुप्त ठेवायचं बंधन नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, बेकायदेशीर कामासाठी केलेल्या बोलण्याला ते संरक्षण नाही हा अपवादही तिथेच आहे, पण तो अपवाद कुठे लागू होतो हे ठरवायचं काम तू एकटीनं करू नकोस. स्वतःची डायरी मात्र रोज लिही. तारीख, शब्द जसेच्या तसे, कोण हजर होतं.

आता धमकीचं. बार कौन्सिलला कंप्लेंट कोणीही करू शकतो, पण ती आली की लगेच तुझी सनद जात नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ च्या कलम ३५ प्रमाणे गैरवर्तन झालंय असं मानायला कारण आहे असं कौन्सिलला वाटलं तरच प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं, तिथे तुला बोलायची संधी मिळते, आणि निकाल विरोधात गेला तर दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि त्यापुढे सुप्रीम कोर्टात अपील आहे. तू खोटी ओळख पटवायला नकार दिलास ही कंप्लेंट ते लिहिणार तरी कशी? उलट बार कौन्सिलचे जे नियम आहेत त्यात स्पष्ट लिहिलंय की वकिलानं क्लायंटच्या तोंडाचा भोंगा व्हायचं नाही, स्वतःची अक्कल वापरायची, क्लायंटला वाकडे मार्ग घेण्यापासून रोखायचं आणि तो ऐकत नसेल तर काम सोडायचं. तेच ३५ कलम तुलाही उघडं आहे, त्यात ‘व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन’ असे शब्द आहेत, म्हणजे ज्युनिअरशी कसं वागतात तेही त्यात मांडता येतं. पण मी तुला खोटा धीर देणार नाही, ओरडण्यावर आपल्याकडे वेगळा कायदाच नाही, आणि समितीनं एका वर्षात निकाल द्यावा असं कायद्यात असलं तरी तेवढ्या काळात तुला रोज त्याच कोर्टात त्याच माणसाला भेटायचंय. आधी बाहेर पड, पायावर उभी राहा, मग कंप्लेंट करायची का ते ठरव.

(तुझ्या पत्रात तसं काही नाही, पण बऱ्याच मुली विचारतात म्हणून इथेच सांगते. त्रास लैंगिक असेल तर पॉश कायदा २०१३ आहे, १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि तक्रार ३ महिन्यांत करायची. पण तो कायदा मालक-कर्मचारी नात्यावर उभा आहे, त्यामुळे बार कौन्सिल ही काही वकिलांची मालक नाही असं सांगून मुंबई हायकोर्टानं २०२५ मध्ये वकिलाविरुद्ध वकिलाच्या अशा तक्रारीसाठी ३५ कलमाकडेच बोट दाखवलं.)

चेंबर सोडायला कोणाची परवानगी लागत नाही, रिलीव्हिंग लेटरही लागत नाही. पण एक काम ज्युनिअर नेहमी विसरतात. ज्या वकालतनाम्यांवर तुझी सही आहे ते तू चेंबर सोडल्यावरही चालूच राहतात, सिव्हिल मॅटरमध्ये कोर्टाच्या परवानगीनं बाहेर पडेपर्यंत त्या पार्टीची वकील तू आहेस असंच रेकॉर्ड बोलतं. म्हणून यादी कर, क्लायंटला आणि सरांना लेखी कळव, पुरेसा वेळ दे, आणि प्रत्येक मॅटरमध्ये डिस्चार्जचा अर्ज टाक. गिरगावच्या मॅटरमध्ये सगळ्यात आधी टाक. त्यात कारण लिहिताना क्लायंटचं काही उघड करायचं नाही.

पैशांचं म्हणशील तर ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं सर्क्युलर काढलं की शहरात ज्युनिअरला महिना निदान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत. सक्ती नाही, पण नवीन ठिकाणी बोलताना हा आकडा मोकळेपणानं सांग. आणि जायला जागा आहेत. तू डोंबिवलीची, कल्याणच्या कोर्टात तुला पुरावा, उलटतपासणी हे सगळं स्वतःच्या हातानं करायला मिळेल जे फोर्टला बरीच वर्षं मिळत नाही. गरजूंना सरकारी खर्चानं वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी किती वर्षांची प्रॅक्टिस लागते तेही विचारून ठेव. ‘मुंबईतल्या एकाही कोर्टात’ असं म्हणणारी माणसं मी पाहिलीत, या शहरात किल्ला कोर्टापासून दिंडोशीपर्यंत इतकी कोर्टं आहेत की एका माणसाचा शब्द फार तर दोन पॅसेजमध्ये चालतो.

भीती वाटतेय म्हणून आपण कमजोर आहोत असं समजू नकोस. १८९१ मध्ये विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेल्या गांधींनी पहिली केस आपल्या मुंबईच्याच स्मॉल कॉजेस कोर्टात घेतली होती, तीस रुपये फी. दलालाला कमिशन द्यावं लागेल असं त्यांना सांगण्यात आलं, महिन्याला तीन-चार हजार कमावणारे मोठे क्रिमिनल वकीलसुद्धा देतात असंही सांगितलं, त्यांनी दिलं नाही. आणि त्याच केसमध्ये उलटतपासणीला उभे राहिले तर तोंडातून शब्द फुटेना, डोकं गरगरलं, ब्रीफ दुसऱ्याला द्यायला सांगून बाहेर पडले. कमिशनला ‘नाही’ म्हणणारा आणि कोर्टात थरथरणारा माणूस एकच होता. सोमवारी तुझा आवाज कापला तरी चालेल, वाक्य पूर्ण कर.

प्रश्न : मी परभणीचा, मराठी मिडीयमचा, लोअर परळच्या एका लॉ फर्ममध्ये असोसिएट आहे. टीम कॉलवर पार्टनर माझ्या इंग्लिश उच्चारांची नक्कल करतात आणि बाकीचे हसतात. दुसरं म्हणजे टाईमशीटमध्ये मी चार तास भरले तर ते सात करायला सांगतात, "क्लायंट मोठा आहे, त्याला काय फरक पडतो". नाही केले तर अप्रेझलमध्ये दिसेल म्हणतात. एचआरला गेलो तर ते पार्टनरलाच सांगतील. रात्री झोप येत नाही, रविवारी दुपारपासून पोटात गोळा येतो. घरी कर्ज आहे, नोकरी सोडू शकत नाही.
– एक असोसिएट, लोअर परळ

उत्तर : झोप नाही आणि रविवारपासून पोटात गोळा, हे महिनाभर चालू असेल तर आधी डॉक्टरकडे जा, आणि रात्री कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलतात. हे शेवटी लिहायची पद्धत आहे पण मला ते आधी लिहायचं होतं.

टाईमशीट. क्लायंट मोठा असला तरी न केलेल्या कामाचे पैसे घेणं म्हणजे फसवणूकच, आणि ती तुझ्या लॉगिननी होतेय. मोठ्या कंपन्यांचे लीगल डिपार्टमेंटवाले हल्ली बिलं बारकाईनं बघतात, एखाद्या दिवशी विचारतील की या नोटीसला सात तास कसे लागले, तेव्हा पार्टनर म्हणणार की असोसिएटनी भरले. म्हणून तू खरे तासच भर, कामाचं वर्णन नीट लिहून. बदल हवा असेल तर तो त्यांनी त्यांच्या लॉगिननी करावा, बिलात काय घ्यायचं हा निर्णय तसाही पार्टनरचाच असतो. तोंडी सांगितलं तर मेल टाक, "चार तास झालेत, तेवढे भरलेत, बिलिंगसाठी काही बदल हवा असेल तर आपण बघून घ्यावा." भांडण नको, नम्र मेल, पण मेलच. बऱ्याचदा एवढ्यानंच ते थांबतं कारण लेखी कोणालाच नको असतं. नाही थांबलं तर निदान तुझा कागद स्वच्छ आहे.

तुमच्यासारख्यांची अडचण मला माहितीय. पूर्ण वेळ पगारी नोकरी घेतली तर बार कौन्सिलच्या नियमानं प्रॅक्टिस करता येत नाही, म्हणून फर्म तुम्हाला ‘रिटेनर’ दाखवतात, टीडीएस कापून फी देतात, काम मात्र नोकरासारखं घेतात. त्यामुळे भांडायला गेलं की नोकरीचे कायदे हाताशी नसतात. तुझं रिटेनरचं अ‍ॅग्रीमेंट काढून वाच, नोटीस पिरिअड किती आहे, जॉइनिंगच्या वेळी काही पैसे दिले असतील तर ते परत मागायची अट आहे का. कर्ज आहे तर आज सोडू नकोस, पण आजपासून शोधायला लाग, आणि शोधताना टीमच्या बाहेरच्या एखाद्या पार्टनरशी ओळख वाढव, मोठ्या फर्ममध्ये टीम बदलून मिळते आणि एचआरपेक्षा ते लवकर होतं.

उच्चारांची नक्कल करणं हे हलकट वागणं आहे, त्यात तुझी काही चूक नाही. हायकोर्टाची भाषा घटनेच्या ३४८ कलमानं इंग्लिश आहे, म्हणून तुझं लिखाण पक्कं हवं, त्यावर मेहनत घे, चांगले जजमेंट मोठ्यानं वाच. उच्चार कुठल्या शाळेतले आहेत याच्याशी कोर्टाला घेणंदेणं नाही. आणि तुझ्याकडे जे आहे ते त्या कॉलवरच्या कितीजणांकडे आहे बघ. सातबारा, फेरफार, जुनं खरेदीखत, पंचनामा, मोडीतून उतरवलेली नक्कल, हे मूळ वाचून अर्थ लावणारा माणूस टीममध्ये तूच असशील. टायटलच्या, म्हणजे जमिनीचा मालकीहक्क तपासायच्या कामात हे सोनं आहे, तसली कामं मागून घे. शेवटचं, नक्कल करताना जर जातीवरून काही बोलले गेले असतील तर मामला बदलतो, तू अनुसूचित जाती-जमातीचा असशील आणि चारचौघांत बोलले असतील तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, तशा वेळी शब्द, तारीख, हजर माणसं लिहून ठेव आणि लगेच वकील गाठ.

प्रश्न : मॅडम, तुमच्या सदरात नेहमी ज्युनिअरचीच बाजू असते. मी दादरचा, बरीच वर्षं प्रॅक्टिस करतोय. आम्ही सिनिअरच्या बॅगा उचलल्या, दोन-दोन वर्षं पैसे घेतले नाहीत, शिव्या खाल्ल्या म्हणून शिकलो. आजची मुलं बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) न बघता कोर्टात येतात, मॅटर डिफॉल्टमध्ये जातं (आपल्या बाजूनं कोणी हजर नाही म्हणून निकाली निघतं), आणि जरा आवाज चढवला की आठवड्यात चेंबर सोडून जातात. क्लायंटला उत्तर मला द्यावं लागतं. मग बोलायचंच नाही का?
– एक सिनिअर, दादर

उत्तर : साहेब, पत्र लिहिलंत ते बरं केलंत, कारण हा प्रश्न मनात असलेले खूप आहेत आणि ते लिहीत नाहीत.

बोला की. बोर्ड न बघता आलेल्या ज्युनिअरला बोललंच पाहिजे, मॅटर डिफॉल्टमध्ये गेलं तर एखाद्या माणसाचं घर जातं, ते रिस्टोअर करायला कंडोनेशनचे, म्हणजे उशीर माफ करायचे अर्ज, कॉस्ट आणि क्लायंटचे महिने जातात. त्या संध्याकाळी दार लावून त्याला समोर बसवा आणि काय झालं, कोणाचं नुकसान झालं, परत होऊ नये म्हणून उद्यापासून काय करायचं ते विचारा. कडक आवाजात विचारा. पण क्लायंटसमोर आणि पॅसेजमध्ये बोललात तर तो चूक लपवायला शिकतो, आणि लपवलेली चूक तुम्हाला जजच्या तोंडून कळते. तुमच्या क्लायंटसाठी सुद्धा हा तोट्याचा सौदा आहे.

बॅगा उचलल्या आणि पैसे घेतले नाहीत हे तुम्ही अभिमानानं लिहिलंय, तो त्रास खरा आहे आणि मला त्याचा मान आहे. पण पैसे न घेता दोन वर्षं राहणं तेव्हाही ज्याच्या घरी दुसरं उत्पन्न होतं त्यालाच जमत होतं. ज्यांना जमलं नाही ते कारकून झाले, गावी गेले, ते आपल्याला बारमध्ये भेटत नाहीत म्हणून आपल्याला वाटतं की सगळे असेच शिकले. आज विरार-कर्जतहून येणाऱ्या पोराला पास, जेवण आणि एका खोलीचं भाडं भरायचं असतं.

मुलं सोडून जातात याचं म्हणाल तर पुढच्या महिन्यापासून एवढं करून बघा. पैसे ठरलेल्या तारखेला द्या, बार कौन्सिलनं सुचवलेल्या २० हजारांच्या जवळ जाता आलं तर जा, नाही जमलं तर किती आणि केव्हा वाढवाल ते आधीच सांगा. जे मॅटर ज्युनिअरनं ड्राफ्ट केलंय त्यात त्याला उभं करा, निदान तारीख मागायला तरी, आणि ऑर्डरमध्ये त्याचं नाव लागेल असं बघा. रात्री नऊनंतरचे फोन फक्त दुसऱ्या दिवशीच्या बोर्डसाठी. आणि चेंबरमध्ये सगळ्यांसमोर, क्लार्कसमोरही, एकदा स्पष्ट सांगून टाका की इथे न पाहिलेल्या माणसाची ओळख कोणी पटवणार नाही, मागच्या तारखेचा कागद कोणी बनवणार नाही, आणि मी घाईत तसं बोललो तरी मला ‘नाही’ म्हणायचं. तुम्ही हे सांगितलंत की तुमच्या ज्युनिअरवर असली वेळ येणार नाही, आणि वर ज्या मुलीचं पत्र छापलंय तिला सध्या नवीन चेंबर हवंय. जागा असेल तर संपादकांकडे कळवा, मी तिच्यापर्यंत पोचवते.